एका फोनवरच्या दोन विद्यार्थिनी

अनुभव लिहायचा तर आधी अनुभव गाठीला हवा. माझ्या नावावर जेमतेम तीन वर्षं आहेत, तीही कॉलेज सांभाळून, दुपारी दोन ते पाच. या अंकात माझ्या मागेपुढे ज्यांचे लेख असतील त्यांनी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली असणार. त्यामुळे लिहू की नको, यात माझा एक आठवडा गेला. शेवटी आमच्या संगणक विभागाचे फ्रान्सिस सर म्हणाले, "अगं, निवृत्त होईपर्यंत थांबलीस तर चुका विसरशील आणि नुसत्या बढाया आठवतील. आत्ताच लिही."

चूक माझ्याकडे एक आहे, आणि बऱ्यापैकी मोठी आहे. लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच. पण आधी मी काय काम करते ते सांगायला हवं. घरीसुद्धा ते समजावताना मला त्रास झाला होता.

वसई ते विरारच्या पट्ट्यातली तीन कॉलेजं मिळून एक सॉफ्टवेअर चालवतात. फळा, गृहपाठाची पेटी, चाचणीचा पेपर आणि गुणांचा तक्ता, हे सगळं एकाच ठिकाणी फोनवर, असं समजा. शिक्षक त्यावर नोट्स टाकतात, मुलं लिहिलेलं पाठवतात, चाचण्या देतात, गुण बघतात. हे सॉफ्टवेअर कोणा कंपनीकडून घेतलेलं नाही. ते मुक्त स्रोत आहे. म्हणजे ते कसं बनवलं हे उघड लिहून ठेवलेलं आहे, कोणीही घ्यावं, आपल्या सोयीनं बदलावं. त्यात काही चांगली सुधारणा केली तर ती पुन्हा सगळ्यांसाठी परत द्यायची, अशी रीत आहे. जगभरातली माणसं अशी थोडी थोडी भर घालत असतात.

माझे पप्पा गोखिवऱ्याला एका गाळ्यात प्रेस मशीनवर काम करतात. त्यांनी विचारलं, "म्हणजे मालक कोण याचा?"

"कोणीच नाही. म्हणजे सगळेच."

"आमच्या रांगेत चार गाळ्यांत मिळून एक ड्रिल मशीन आहे. सगळ्यांचं आहे, म्हणून त्याला तेल कोणी घालत नाही."

"पप्पा, मी तेल घालणारी आहे."

हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "काय गं अंकिता, कॉलेजात कॉम्प्युटरला तेल घालतेस म्हणे?"

तीन कॉलेजं एकत्र येण्याचं कारण साधं होतं. एकेका कॉलेजात हे काम जाणणारं एखाददुसरंच माणूस. तिघांचं मिळून पाच-सहा जणांचं मनुष्यबळ झालं. आमच्या वसईच्या कॉलेजातून फ्रान्सिस सर आणि मी, विरारच्या कॉलेजातून ओंकार नावाचा माझ्याच वर्षाचा मुलगा, नालासोपाऱ्याच्या कॉलेजातून देसाई मॅडम. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आळीपाळीनं एकेका कॉलेजात बैठक. आणि एक तक्रारवही, अर्थात संगणकावरची.

या वहीचा एक नियम फ्रान्सिस सरांनी घातला होता. एका कॉलेजची तक्रार त्याच कॉलेजच्या माणसानं सोडवायची नाही, दुसऱ्या कॉलेजच्या माणसानं सोडवायची. मला आधी तो नुसता खटाटोप वाटला होता. सर म्हणाले, "आपल्या घरातली मोडकी खुर्ची आपल्याला दिसत नाही. आपण बरोबर तिच्या चांगल्या बाजूला बसतो. पाहुणा आला की आपटतो." तेव्हापासून विरारची मुलं काय त्रास काढतात ते मला कळायला लागलं, आणि आमच्या मुलांचा त्रास ओंकारला.

गिऱ्हाइकं एकेक असायची. आमचे अर्थशास्त्राचे एक सर मुलांनी पाठवलेली उत्तरं छापून घ्यायचे, लाल पेनानं तपासायचे, मग त्या कागदांचे फोटो काढून परत चढवायचे. मुलांनीही ती आधी कागदावर लिहून फोटो काढूनच पाठवलेली असत. ओंकार म्हणाला, "एक उत्तर चार वेळा कागद आणि फोन करून येतं. चारधाम यात्रा झाली की त्याची." त्यावरून ओंकारनं बोटानं स्क्रीनवरच लाल खुणा करता येतील अशी सोय केली. सर खूश झाले. अजूनही छापतात, पण आता फक्त चांगली उत्तरं, जपून ठेवायला.

भाषांतराचीही एक गंमत झाली. सुरुवातीला कोणीतरी सगळे शब्द यंत्राकडून मराठीत करून घेतले होते. त्यात असाइनमेंटचं झालं नेमणूक. एका मुलानं गृहपाठ दिला नव्हता, म्हणून त्याच्या घरी संदेश गेला, 'आपल्या पाल्याची नेमणूक प्रलंबित आहे.' त्याच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, कुठं लागला? सरकारी आहे का?" मला खरं सांगवेना. तेव्हापासून मराठी शब्द मी माणसांना विचारून ठरवते.

आणि एक मुलगा होता, खाडीकडच्या गावातला. त्याची प्रत्येक फाइल अर्ध्यात तुटायची. मी फोन केला तर वाऱ्याचा नुसता घोंगाट. "ताई, रेंज पान्याच्या टाकीवरच येते. खाली उतरलो का गेली." मी म्हटलं, मग वरच थांब ना पूर्ण जाईपर्यंत. तो म्हणाला, "थांबलो असतो. पन टाकीवाला काका शिडी काढून नेतो." आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. फाइल जिथं तुटली तिथूनच पुढं जाईल, पहिल्यापासून नाही. हा बदल आम्ही बाहेर सगळ्यांसाठी दिला, तो स्वीकारला गेला. आता कुठल्या कुठल्या देशांत तो वापरला जातो. टाकीवाल्या काकांना याची कल्पना नाही.

आता चूक.

देसाई मॅडम पर्यावरण हा विषय शिकवतात. तो तिन्ही कॉलेजांत, सगळ्या शाखांना पहिल्या वर्षी असतो, म्हणून त्याची चाचणीही तिन्हीकडे एकच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कधीही, घरी बसून, फोनवर द्यायची. तिचे गुण अंतर्गत परीक्षेत धरतात. मॅडम सरळ स्वभावाच्या आहेत. वीस वर्षांत त्यांनी कोणाला एक गुण वाढवून दिला नाही की कमी केला नाही. कॉपी म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो. एका बैठकीत त्या म्हणाल्या, "घरून चाचणी म्हणजे मोकळं रान झालंय. हे सॉफ्टवेअर कॉपी पकडू शकतं की नाही?"

तसं तयार काही आम्हाला सापडलं नव्हतं. मी हात वर केला.

तीन आठवडे खपून मी एक जोडभाग, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा तुकडा, लिहिला. कल्पना सोपी होती. चाचणी ज्यावरून दिली त्या प्रत्येक फोनला किंवा संगणकाला सॉफ्टवेअर एक खूण चिकटवणार. एकाच फोनवरून दोघांनी चाचणी दिली आणि दोघांची उत्तरं बरीच जुळली, तर दोन्ही नावांपुढं लाल ठिपका. आमच्या लॅबमध्ये वीस मित्रमैत्रिणींना बसवून मी तो तपासला. त्यातल्या दोघांना मुद्दाम एकाच संगणकावर कॉपी करायला सांगितलं. बरोबर त्या दोघांपुढंच लाल ठिपके आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फ्रान्सिस सरांनी विचारलं, "घरून कोणी वापरून बघितलं का?"

"लॅबमध्ये चालतंय सर. घरी का नाही चालणार?"

नवीन गोष्ट महिनाभर एकाच कॉलेजात वापरायची, मगच तिघांना द्यायची, असं आमचं ठरलेलं होतं. पण चाचणी दहा दिवसांवर होती. मॅडमना घाई होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याहून जास्त घाई होती. हे यशस्वी झालं की जोडभाग माझ्या नावानं जगभरच्या लोकांसाठी जाणार होता. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. पप्पांनी त्यांच्या फोरमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं.

चाचणी झाली. लाल ठिपक्यांची यादी दोन पानं भरली. मॅडमनी फोन करून मला शाबासकी दिली. "बघितलंस? मी म्हणतच होते." मी घरी पेढे नाही, पण वडापाव आणले. यादीतल्या सगळ्यांना पत्रं गेली, पुढच्या शनिवारी वसईच्या कॉलेजात समितीपुढं पालकांसह हजर राहा.

त्या शनिवारी टेबलाच्या या बाजूला देसाई मॅडम, फ्रान्सिस सर, ओंकार आणि मी. बैठकीचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे. पहिल्यांदा दोन मुलं आली, एकाच बिल्डिंगमधली. मॅडमनी नुसतं वर पाहिलं आणि दोघं एकदम म्हणाली, "हो मॅडम, बघून लिहिलं." त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांनी तिथल्या तिथं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला मनातून बरं वाटलं. म्हणजे आपलं काम बरोबर आहे.

मग एक बाई आणि एक मुलगी आत आल्या. बाई चाळिशीच्या, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी. दोघींच्या हातात एकेक पत्र.

"बसा," देसाई मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तेजलच्या आई ना?"

"हो मॅडम."

"आणि ही दुसरी, सुरेखा? ती आली नाही? तिचे पालक?"

"सुरेखा मीच."

मॅडमनी यादी पुन्हा पाहिली.

"हिच्या पत्रात लिहिलंय पालकांना घेऊन या, म्हणून मी आले," बाई सांगू लागल्या. "माझ्या पत्रातही तेच लिहिलंय. माझे आईवडील आता नाहीत. मग मी हिलाच घेऊन आले. चालेल ना?"

फ्रान्सिस सरांनी रुमाल काढून नाक शिंकरल्यासारखं केलं. मॅडम हसल्या नाहीत.

हळूहळू सगळं कळलं. सुरेखाकाकू तुळिंजला राहतात. दहावीनंतर लग्न झालं. मुलगी मोठी झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरी अभ्यास करून बारावी केली. आता नालासोपाऱ्याच्या कॉलेजात, सकाळच्या वर्गात, पहिल्या वर्षाला आहेत. दुपारी बालवाडीत मदतनीस. तेजल आमच्या कॉलेजात कॉमर्सला, तीही पहिल्या वर्षाला. त्यामुळे पर्यावरणाचा पेपर दोघींना एकच. काकूंच्या तुकडीला देसाई मॅडम शिकवत नव्हत्या, म्हणून ओळख नव्हती.

मॅडमनी दोघींची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. "फोन एक. उत्तरं जुळतात. बरोबर उत्तरं सारखी येऊ शकतात, ते मी समजू शकते. पण या दोन चुका? दोघींच्या दोन्ही चुका अगदी एकच आहेत. हे कसं काय?"

काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मी लिहून देते. मीच हिचं बघून लिहिलं. माझं नाव कॉलेजातून काढून टाका. पण हिच्यावर काही येऊ देऊ नका."

"आई! काय बोलतेस?" तेजल उभीच राहिली. "मॅडम, तिनं माझ्या आधी दिली टेस्ट. मी तेव्हा घरीसुद्धा नव्हते!"

"गप गं तू. बस खाली."

"का गप बसू? केलेलं नसताना कबूल कशाला करतेस?"

"कारण तुला अजून सगळं शिकायचंय. माझं काय, नाही झालं तरी चालतंय." काकू मॅडमकडे वळल्या. "बिल्डिंगमध्ये तसंही सगळ्या हसायला लागल्यात. म्हणतात, या वयात दप्तर घेतलंस आणि कॉपी करताना सापडलीस. मी नाही येत आता. द्या कागद."

मॅडमनी एक कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम. काकूंनी पिशवीतून पेन काढलं आणि टोपण काढायला लागल्या.

मी वृत्तांतात लिहायला घेतलं होतं, 'सुरेखा यांनी कबुली दि—' आणि तिथंच थांबले.

लॉकडाऊनमध्ये माझी अकरावी झाली ती पप्पांच्या फोनवर. त्याच फोनवर माझ्या भावाची आठवी झाली. तो सकाळी, मी दुपारी, आणि पप्पा रात्रपाळीला गेले की दोघांचीही शाळा बंद. एका फोनवर दोन मुलं शिकतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी जोडभाग लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर लॅब होती. तिथं प्रत्येकाला एक खुर्ची, एक संगणक. घराची मला आठवणच झाली नव्हती. की आठवण नको होती, कोण जाणे.

मी उभी राहिले. "मॅडम, थांबा. त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. चूक माझ्या कामात आहे."

"म्हणजे?"

"फोन एक आहे आणि उत्तरं जुळतात, मी तेवढंच बघितलं. घरात फोनच एक असला तर काय, याचा विचार केला नाही."

"मग आत्ता ती दोन मुलं कबूल करून गेली ती?"

"ती त्यांनी कबूल केलं म्हणून सापडली, मॅडम. लाल ठिपक्यामुळं नाही. आणि कबूल तर आता या काकूही करताहेत."

काकूंच्या हातात पेन तसंच होतं. ओंकारनं न सांगता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी नोंदी उघडल्या. सुरेखाकाकूंची चाचणी सव्वाबाराला सुरू होऊन एकच्या आत संपली होती. तेजलची संध्याकाळी साडेचारला सुरू झाली होती. म्हणजे आईनं मुलीचं बघणं शक्यच नव्हतं.

"मग मुलीनं आईचं बघितलं असेल," मॅडम म्हणाल्या. त्या अडून बसल्या नव्हत्या. त्यांना खरं काय ते हवं होतं. "चुकांचं काय?"

तेजलनं आईच्या पिशवीत हात घालून एक वही काढली आणि टेबलावर आपटली. "ही बघा. आमची दोघींची एकच वही आहे. मी लिहून आणते, आई त्यावरून पाठ करते."

फ्रान्सिस सरांनी पानं उलटली. वातावरणाच्या थरांचं पान आलं. तेजलनं वर्गात घाईघाईत वरचा थर खाली आणि खालचा वर असं लिहून घेतलं होतं. दोन्ही चुकलेले प्रश्न त्याच पानावरचे होते. त्या उलट्या वाक्यांखाली पेन्सिलीनं दोन-दोन रेघा मारलेल्या होत्या.

"या रेघा कोणाच्या?" सरांनी विचारलं.

"माझ्या," काकू म्हणाल्या. "महत्त्वाचं म्हणून मारल्या." मग त्यांनी लेकीकडे रागानं पाहिलं. "हिनं उलटं लिहून आणलं, मी उलटं पाठ केलं. वही एक, मग चूक दुसरी कुठून आणू?"

आता मात्र सर मोठ्यानं हसले. ओंकारही हसला. मॅडमनी वही आपल्याकडे ओढली आणि बराच वेळ ती पानं पाहत राहिल्या. मग वही मिटून काकूंना म्हणाल्या, "खारफुटी तोडली तर काय होतं?"

"पुस्तकात लिहिलंय ते सांगू की आमच्याकडं झालं ते?"

"दोन्ही सांगा."

काकूंनी हात मांडीवर ठेवले आणि पुस्तकातला परिच्छेद शब्दाला शब्द म्हटला. मध्ये श्वाससुद्धा घेतला नसावा. मग जरा थांबून म्हणाल्या, "माझं माहेर खाडीच्या कडेला. भाताची शेतं. बांधाबाहेरची झाडं लोकांनी तोडली. मग भरतीचं पानी बांध फोडून आत यायला लागलं. आमची दोन शेतं खारट झाली. आता तिथं गवतही धड येत नाही. बाबा असेपर्यंत दर वर्षी बांध घालायचे. पुस्तकात बांधाचं नाही लिहिलेलं."

"नाही लिहिलेलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तो कोरा कागद परत घेतला, घडी घातली आणि आपल्या फायलीत सरकवला. "सुरेखाताई, सोमवारपासून वर्गात या. आणि तेजल, थरांचं पान आधी नीट कर. आईला चुकीचं शिकवते आहेस."

त्या दोघी बाहेर गेल्यावर दार बंद व्हायच्या आतच ऐकू आलं, "रेघा मारायच्या आधी एकदा विचारायचंस ना मला!" "मला काय माहीत, तू कॉलेजात झोपतेस ते!"

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "या यादीतली बाकीची नावं? यात खरे कोण आणि खोटे कोण?"

"मला नाही सांगता येणार, मॅडम. म्हणूनच हे बंद करायला हवं."

"तुझ्या नावानं बाहेर जाणार होतं ना ते?"

"हो."

मॅडम म्हणाल्या, "मग लिहून घे वृत्तांतात. जोडभाग बंद, यादी रद्द. घाई मीही केली, तेही लिही." मी ते लिहिलं. त्या दिवसाचा वृत्तांत अजून आहे, त्यात एक अर्धवट शब्द खोडलेला दिसतो.

सगळ्यात जास्त नाराज झाली ती कबूल करणारी दोन मुलं. "म्हणजे आम्ही उगाच खरं बोललो?" त्यांच्यापैकी एकानं मला लॅबबाहेर गाठून विचारलं. त्या दोघांना मॅडमनी समोर बसवून पुन्हा चाचणी द्यायला लावली, आणि दोघंही आधीपेक्षा चांगल्या गुणांनी पास झाली, हे सांगायला हवं.

यादीतल्या प्रत्येकाला मी माझ्या नावानं माफीचा संदेश पाठवला. काहींनी 'ठीक आहे' लिहिलं. बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही. त्यांच्या घरी ते पत्र आल्यावर काय काय झालं असेल, हे मला कळायचा मार्ग नाही. एवढी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फोरमनला काय सांगू?" थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "माल परत आला असं सांगतो. येतो कधी कधी."

पुढच्या महिन्यात ओंकारनं आणि मी मिळून दुसरं काहीतरी करायला घेतलं. एकाच फोनवर दोघं-तिघं शिकत असतील तर त्यांना सोपं जावं, असं. 'फोन दुसऱ्याला द्या' असं एक बटण. ते दाबलं की माझं सगळं झाकलं जातं आणि पुढच्याचं नाव येतं. पासवर्डची झटापट नाही. या वेळी ते लॅबमध्ये तपासलं नाही. मी तुळिंजला सुरेखाकाकूंच्या घरी गेले. त्यांनी आधी पोहे केले, मग चष्मा लावला.

"मॅडम, हे बघा," त्या म्हणाल्या. मला समोरासमोर मॅडम म्हणणाऱ्या त्या बहुतेक पहिल्याच. "मी तेजलला फोन दिला, तरी माझे गुण वर पट्टीत दिसताहेत. आपले गुण आपण सांगेपर्यंत दुसऱ्याला का दिसावेत?"

"लेक आहे ना ती तुमची?"

"म्हणूनच."

ते दुरुस्त केलं. मग महिनाभर एकाच कॉलेजात चालवलं, नियमाप्रमाणं. मग तिघांकडे. मग बाहेर पाठवलं. बाहेरच्या लोकांनी आमच्या कामातल्या इतक्या गोष्टी सुधारायला सांगितल्या की मला वाटलं, परत आलाच माल. पण तो आला नाही. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या एका शिक्षकानं खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे एका फोनवर तीन भाऊ शिकतात. धन्यवाद.' ज्यांनी काम केलं त्यांच्या यादीत ओंकारचं नाव आहे, माझं आहे आणि वापरून तपासणाऱ्यांत सुरेखाकाकूंचं आहे. त्यांनी ते पान छापून बिल्डिंगच्या सूचनाफलकावर लावायला सांगितलं. मी लावलं. कोणाला काही कळलं नसावं, पण नाव मोठ्या अक्षरात होतं.

दुसऱ्या सत्राची पर्यावरणाची चाचणी झाली. पुन्हा घरून, पुन्हा फोनवर. निकाल लागला त्या दुपारी आमच्या कॉलेजची म्हणून तक्रारवहीत एक नवी तक्रार आली. पाठवणारी तेजल. तक्रार अशी: 'माझ्या आईला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त पडले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये दोष असण्याची शक्यता आहे. कृपया तपासावे.'

आमच्या कॉलेजची तक्रार, म्हणून ती ओंकारकडे गेली. त्यानं दोघींचं एकेक उत्तर उघडून, गुणांची बेरीज हातानं करून पाहिली आणि गंभीरपणे उत्तर लिहिलं: 'तपासले. दोष आढळला नाही. आपल्या आईने दोन प्रश्न अधिक बरोबर सोडवले आहेत.'

तक्रार मिटवायची असेल तर तक्रारदाराला 'समाधान झाले' या चौकटीत टिक करावी लागते. तेजलनं 'समाधान झाले नाही' वर केली.

या महिन्याच्या बैठकीत देसाई मॅडम न मिटलेल्या तक्रारींची यादी वाचत होत्या. एकच उरली होती. "ही का मिटत नाही?" म्हणून त्यांनी ती उघडली, चष्मा वर करून सगळी वाचली, ओंकारचं उत्तरही वाचलं. ओंकार म्हणाला, "मॅडम, नियमानं मला ती बंद करता येत नाही. आणि गुण तर बदलता येत नाहीत."

मॅडमना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"राहू दे उघडीच," त्या म्हणाल्या.